वीतभर जास्तीचा आख

आमच्या नातसुनेनं परवा पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "आजोबा पूर्वी गाड्या बनवायचे." पाहुण्यांना आधी वाटलं बैलगाड्या, मग वाटलं मोटारी. दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांनी विषयच बदलला. म्हणून या अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा मी एकदम हो म्हणालो, आणि तेव्हापासून पस्तावतोय. मला एका जागी बसवत नाही. आमची ही म्हणायची, "तुमच्या पायाला भिंगरी न्हाय, अख्खं चाकच हाय." एक पान लिहून होईपर्यंत माझ्या अंगणात चार फेऱ्या होतात. तेव्हा मधेच कुठं तुटल्यासारखं वाटलं, तर मी उठून गेलो होतो असं समजावं.

धंदा असा. जीपच्या मागं अडकवायचा दोन चाकांचा छोटा ट्रेलर असतो. संयुक्त महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. कागदावर उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिव असलेल्या आमच्या गावात पलटणीच्या मोडीत निघालेले असले ट्रेलर हैदराबादच्या लिलावातून यायचे. पत्र्यावर अजून उर्दू आकडे असायचे. जिल्ह्यात डांबरी सडका मोजक्या, आणि बालाघाटाच्या डोंगरात तर मैलोन् मैल नुसती गाडीवाट. बांधबंदिस्तीचे ओव्हरसियर, जमीन मोजणारे, देवी टोचणारे, यांना पंधरा-पंधरा दिवस अशा जागी मुक्काम पडायचा की जिथं डाकबंगला नाही, दुकान नाही, धड विहीरसुद्धा नाही. त्यांचा तंबू, अंथरूण, चूल, पाणी, हत्यारं, कागद, हे सगळं चार हात लांब पेटीत असं बसवायचं की ओढ्यातून, खडकावरून, काळ्या रानातून नेलं तरी संध्याकाळी उघडल्यावर चहाची कपबशी जागच्या जागी आणि अखंड सापडली पाहिजे. हे माझं काम.

लोक म्हणायचे, सामान भरायला मिस्त्री कशाला लागतो? लागतो. वाटेवर जे खडखडतं ते मोडतं. खिळा तर पहिल्याच ओढ्यात डोकं वर काढतो. म्हणून मी खिळे वापरतच नसे. रिबिट मारायचे, नाहीतर एकावर एक दोन नट आवळायचे, नाहीतर सरळ सुताच्या दोरीनं बांधायचं. जड माल खाली आणि आखाच्या किंचित पुढं ठेवायचा. आख म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा. मागच्या बाजूला वजन गेलं की ट्रेलर जीपची शेपटी उचलतो आणि चढाला जीपची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. पाणी एका मोठ्या पिंपात भरायचं नाही. अर्धं पिंप उताराला असं हिंदकळतं की ड्रायव्हर देवाचं नाव घ्यायला लागतो. अरुंद चार डबे करायचे आणि एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

ही अक्कल काही जन्मजात नव्हती. पहिल्या ट्रेलरला मी पाण्यासाठी रॉकेलचे डबे लावले होते. सोडा, राख, चिंच, जे सुचेल त्यानं धुतले. एक मोजणीदार त्यातलं पाणी पंधरा दिवस प्याले. परत आल्यावर म्हणाले, "मिस्त्री, बाकी झकास झालं. फक्त चहा प्याल्यावर बिडी पेटवायची भीती वाटायची." दुसरे एक ओव्हरसियरसाहेब फार लाजरे. उघड्यावर अंघोळ नको म्हणून त्यांनी माझ्याकडून ट्रेलरच्या कडेला उभं राहणारं ताडपत्रीचं न्हाणीघर करून घेतलं. येरमाळ्याच्या माळावर वाऱ्यानं ते अख्खं उचलून नेलं, आणि साहेब अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत उभे, समोरून येडाईच्या दर्शनाला निघालेल्या बायकांच्या दोन गाड्या. त्यानंतर त्या साहेबांनी तिकडची बदली मागून घेतली असं लोक सांगत. मला ते खरं वाटत नाही, पण मेखा मात्र मी त्यानंतर दुप्पट लांब करायला लागलो.

असं हसण्यावारी चाललं होतं. मग डॉक्टर नेवाळे आले.

नेवाळे जनावरांचे डॉक्टर. साताऱ्याकडचे, दीड-दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं बदलून आलेले, तिशीतले, हडकुळे. बोलताना समोरच्याकडं न बघता हातातल्या टोपीकडं बघायचे. माझ्या शेडात आले आणि ट्रेलरभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "मिस्त्री, यात सहा दिवस बर्फ टिकेल असं काही करता येईल का?"

मी म्हणालो, "सरबताचं दुकान काढताय का?"

ते हसले नाहीत. आदल्या वर्षीची गोष्ट त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितली. बुळकांडी हा बैलांचा रोग तरुण वाचकांना ऐकूनही ठाऊक नसेल. तोंडात फोड, डोळ्यांत घाण, ढाळ, आणि आठवड्याभरात दावण रिकामी. त्याची लस आली होती, काचेच्या बारीक नळ्यांत भुकटी भरलेली. पण ती बर्फात ठेवली तरच जिवंत. उन्ह लागलं की मेली. आदल्या वर्षी डॉक्टर ती लस थर्मासात घालून, बैलगाडीनं, येरमाळ्याच्या पलीकडं डोंगराच्या घडीत असलेल्या खडकवस्तीला गेले होते. पोचेपर्यंत थर्मासातल्या बर्फाचं पाणी झालेलं. त्यांनी तरीही टोचलं. आठ दिवसांनी टोचलेली जनावरं मेली, आणि गावानं ठरवलं की ती सुईनंच मेली.

"मेलेलं औषध आणि जिवंत औषध दिसायला सारखंच असतं," डॉक्टर टोपीकडं बघत म्हणाले. "मला शंका आली होती. मी टोचलं. यंदा खाली बाजारात रोग दिसलाय. तो बाजाराच्या वाटेनं वर चढतो, म्हणून खालची चार गावं आधी घ्यावी लागणार आणि खडकवस्ती शेवटी. मला त्या गावात जिवंत औषध न्यायचंय, मिस्त्री. बाकी मला झोपायला जागा दिली नाही तरी चालेल."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मी बर्फाची पेटी तीनदा बांधली. सागाच्या दोन भिंती, मधे लाकडाचा भुसा ठासून भरलेला, आतून जस्ताचा पत्रा. पहिलीत बर्फ तीन दिवस टिकला. का? तर वितळलेलं पाणी बाहेर जायला ठेवलेल्या नळीतूनच गरम हवा आत जात होती. ती नळी मी बगळ्याच्या मानेसारखी वाकवली, म्हणजे वाकणात पाणी साचून राहतं आणि हवेची वाट बंद होते. दुसरीत साडेचार दिवस टिकला. मग दार कडेला होतं ते वरून केलं, कारण गारवा खाली पडतो; कडेचं दार उघडलं की तो ओतल्यासारखा निघून जातो. शिवाय डॉक्टरांना दर घटकेला झाकण उघडून बघायची खोड. म्हणून पेट्याच दोन केल्या. एक लहान, रोजची. दुसरी मोठी, खडकवस्तीची, तिला झाकणावर लाख लावून बंद करायची आणि तिथं गेल्याशिवाय उघडायची नाही. सोलापूरहून बर्फ मागवून मी ती शेडाबाहेर ऑक्टोबरच्या उन्हात ठेवली आणि खाली तांब्या लावून रोज गळालेलं पाणी मोजलं. सातव्या दिवशी उघडली तर आत नारळाएवढा तुकडा शिल्लक. मी तो तुकडा हातात घेऊन अख्ख्या बाजारात दाखवत फिरलो. परत येईपर्यंत तो संपला, पण माझी छाती काही खाली येईना.

आणि त्याच फुगलेल्या छातीनं मी आख केला.

लिलावात घेतलेल्या त्या ट्रेलरचा मूळ आख वाकलेला होता. नवा करणं भाग होतं. आमचं घराणं बैलगाड्या करणारं. वडील, म्हणजे आमचे दादा, तेव्हा काम सोडून शेडाच्या दारात बसलेले असायचे. त्यांची एक शिसवी काठी होती. तिच्यावरच्या खाचा म्हणजे गाडीची सगळी मापं, त्यातली सर्वांत लांबची खाच दोन चाकांमधल्या अंतराची. सगळ्या मुलखातल्या गाड्या त्या एकाच मापाच्या, म्हणून सगळ्या वाटांवरच्या चाकोऱ्याही त्याच मापाच्या. जीपची दोन चाकं त्यापेक्षा वीतभर जवळ. मी विचार केला, ट्रेलर जाणार कुठून? गाडीवाटेनं. मग तो गाडीच्या मापाचा का नको? चाकोरीत चाकं बसतील, ट्रेलर डुलणार नाही, बर्फ हलणार नाही. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "चाकोरीत चाक बसलं की बैल डुलक्या घेत चालतंय." मला तेवढं पुरे झालं.

डॉक्टरांचा ड्रायव्हर मुनीरभाई आख बसवताना बाजूला उभा होता. त्यानं चाकांमधे पाय टाकून अंतर मोजलं आणि म्हणाला, "मिस्त्रीसाब, हे बैलाच्या मागं चालणार का जीपच्या?"

"जीपच्या."

"मग जीपच्या चाकानं जी वाट केली, तीच त्येला पायजे. दोन वाटा कशाला? हौला हाय का तुमी?"

हौला म्हणजे खुळा. चार माणसांत मला खुळा म्हटल्याचा राग आला. मी म्हणालो, "मुनीरभाई, तुम्ही चाक फिरवायचं बघा. चाक करायचं आम्ही सात पिढ्या करतोय." त्या माणसाचं ऐकलं असतं तर आज मला लिहिण्यासारखं काही उरलं नसतं, आणि ते फार बरं झालं असतं.

नव्या ट्रेलरच्या पहिल्या खेपेला मिस्त्रीनं बरोबर जायचं हा माझा नेम. दिवाळीच्या तोंडावर आम्ही तिघं निघालो. पहिली चार गावं सडकेच्या आसपासची. सगळं देखणं झालं. मागची फळी पाडली की टेबल, त्यावर स्टो, स्टोवर सुया उकळतायत, रोजच्या पेटीतून एकेक नळी निघतेय. गावोगावची माणसं जनावरांपेक्षा माझ्या ट्रेलरकडं जास्त बघत होती. मी उगाचच त्याचे कप्पे उघडझाप करत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी सडक सोडली. पाऊस उघडून महिना झाला होता. गाड्यांनी चिखलात पाडलेल्या गुडघाभर खोल चाकोऱ्या आता भाजल्या विटेसारख्या कडक झालेल्या. ट्रेलर माझ्या म्हणण्याप्रमाणं त्यात बरोबर बसला. जीप मात्र बसेना. तिचं एक चाक चाकोरीत, दुसरं मधल्या उंचवट्यावर. ती कलंडत, घसरत चालली, आणि मागून ट्रेलर तिला आपल्याकडं ओढत राहिला. मुनीरभाई दोन्ही हातांनी चाक दाबून धरत होता. मी मागं बघत होतो, डॉक्टर पुढं बघत होते, आणि आम्ही कोणी कोणाकडं बघत नव्हतो.

दुपारी एका ठिकाणी वाट फुटली. खडकवस्तीची वाट डाव्या हाताला. मुनीरभाईनं जीप वळवली. जीप वळली, ट्रेलर वळला नाही. त्याची दोन्ही चाकं सरळ जाणाऱ्या चाकोरीत पाचरीसारखी धरलेली. जोडणारी दांडी पिळवटली, एक चाक काठावर चढलं, आणि ट्रेलर हळूच, अगदी सावकाश, कुशीवर पडला.

पाण्याच्या डब्यांतून पाणी वाहत होतं म्हणून आम्ही तिघं आधी तिकडं धावलो. डबे सरळ केले, स्टोचं रॉकेल सांडलंय का बघितलं, दांडी बघितली. या गडबडीत बराच वेळ गेला. मग डॉक्टर पलीकडच्या बाजूला गेले आणि तिथंच थांबले. मोठ्या पेटीच्या झाकणाची लाख फुटून झाकण उघडलं होतं. बर्फ मातीत सांडून त्याचा चिखल झाला होता. काही नळ्या बर्फाच्या मोठ्या ढेकळाला अजून चिकटून होत्या. बाकीच्या घरंगळत जाऊन तापलेल्या खडकावर पडल्या होत्या, चकाकत.

डॉक्टरांनी दोन ढीग केले. बर्फाला चिकटलेल्या नळ्या रोजच्या लहान पेटीत, उरलेल्या बर्फासकट. उन्हात पडलेल्या रुमालात. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी मी मान खाली घालून ऐकल्या असत्या.

कोसभरावर एका गावात लोहाराचा भाता होता. मी आख काढून बैलगाडीतून तिथं नेला. मधून वीतभर तोडायचा, दोन्ही टोकं लाल करून पुन्हा सांधायची. पहिला सांधा थंड होताना तडकला. दुसरा बसला. दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात मी एकदाही खाली टेकलो नाही. लोहार म्हणाला, "मिस्त्री, घण तुमी मारताय का घण तुमाला मारतोय?" डॉक्टर एका लिंबाखाली लहान पेटी घेऊन बसले होते. सावली सरकली की पेटी सरकवायची, पेटीवर टाकलेलं तरट वाळलं की भिजवायचं. उठले नाहीत.

खडकवस्तीला आम्ही सातव्या दिवशी सकाळी पोचलो. एकोणीस घरं. घरटी एक बैलजोडी, आणि साऱ्या गावात मिळून तीन गाई. वेशीतच एक म्हातारा काठी आडवी धरून उभा. सिद्रामअप्पा त्यांचं नाव. आदल्या वर्षी सगळ्यात जास्त जनावरं त्यांचीच गेली होती. लेकीच्या सासरहून आणलेली दोन खोंडं, हरण्या आणि गुंड्या, एवढीच आता दावणीला होती.

"गेल्या साली टोचलंव आन दावण रिकामी झाली," ते म्हणाले. "आता काय घर रिकामं करताव व्हय?"

डॉक्टरांनी त्या दिवशी प्रथमच टोपीवरची नजर काढली. म्हणाले, "अप्पा, गेल्या साली माझं औषध मेलेलं होतं. मला शंका होती, तरी मी टोचलं. चूक माझी." मग त्यांनी लहान पेटी उघडली आणि अप्पांचा हात धरून आतल्या बर्फावर ठेवला. "हे जिवंत आहे." नंतर खिशातून तो रुमाल काढला, उन्हात पडलेल्या नळ्या एका धोंड्यावर मांडल्या, आणि सगळ्यांदेखत दगडानं एकेक फोडल्या. "ही जिवंत आहेत की मेलेली, मला सांगता येत नाही. म्हणून ही नकोत."

फुटलेल्या काचांकडं गाव बघत होतं. अप्पांनी विचारलं, "इतकी फोडलीव. मग ऱ्हायली ती किती जनावरांची?"

"बावीस."

अप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला. माणसं पारावर बसली. भांडणं होतील, शिरजोर माणूस आपली जोडी पुढं करील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्या गावात ओढ्याचं पाणी असो की रानातलं सरपण, घरटी वाटून घ्यायची रीत. अप्पा उठून आले आणि म्हणाले, "घरटी एक बैल. उरलं ते तीन गाभण गाईला. जोडीतला कंचा, ते ज्येचं त्यो ठरवंल."

ती सकाळ मला विसरता येत नाही. एकेक माणूस आपल्या दोन बैलांपुढं उभा राहायचा आणि एकाला सोडून आणायचा. कोणी बायकोला विचारत होतं. एकानं डोळे मिटून ज्या दाव्याला हात लागला ते सोडलं. सिद्रामअप्पांनी हरण्याला आणलं. गुंड्या मागून हंबरत होता, तर त्याच्याकडं न बघता म्हणाले, "ह्यो हरण्या थोरला हाय. नांगराला ह्योच लागंल. धाकलं नुसतं लाडाचं हाय."

"आठ दिवसांत बर्फ घेऊन येतो," डॉक्टर म्हणाले.

"या," अप्पा म्हणाले.

आम्हाला अकरा दिवस लागले. तीन दिवस बर्फच मिळाला नाही, बाकीचे जायला-यायला. दरम्यान मी दादांची शिसवी काठी मोडायला उचलली होती. दादांनी ती माझ्या हातातून शांतपणे काढून घेतली. "काठी बैलगाडीची हाय," ते म्हणाले. "तिनं कुठं सांगितलं तुला जीपला लाव म्हणून?" मी त्यांच्यावर ओरडलो, की तुम्ही का नाही सांगितलं. ते म्हणाले, "तू गाडीचं इचारलंस, म्या गाडीचं सांगितलं." बापाशी इतक्या मोठ्या आवाजात मी आधी कधी बोललो नव्हतो आणि नंतरही नाही.

दुसऱ्या खेपेला ट्रेलर जीपच्या चाकांमागं असा चालला की मागं काही आहे हे विसरायला व्हावं. मोठी पेटी लाखेसकट पोचली. बर्फ घट्ट. खडकवस्तीच्या वेशीत कोणी काठी घेऊन उभं नव्हतं. गावाबाहेर माळावर ताज्या मातीचे लांबट ढिगारे दिसले. मुनीरभाईनं जीप थांबवली आणि मोजले. अकरा.

रोग आमच्या आधी पोचला होता. टोचलेल्यातलं एकही जनावर गेलं नव्हतं. न टोचलेल्या एकोणीस बैलांतले अकरा गेले. एकाच दावणीला, एकाच गव्हाणीत तोंड घालणारे दोन बैल, एक जिवंत आणि एक मेलेला, असं अकरा घरांत. डॉक्टरांच्या औषधाची याहून मोठी साक्ष कोणी मागितली नसती. आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं जनावरं घेऊन आपल्या पायांनी आली होती, रांग लागली होती, आणि ज्यानं त्यानं डॉक्टरांना हात जोडले. त्या वर्षानंतर त्यांना कुठल्याही गावानं अडवलं नाही. माझ्या ट्रेलरचंही नाव झालं. तीन जिल्ह्यांतून मागणी आली. त्या मागणीच्या पोटात ते अकरा बैल होते, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

डॉक्टर टोचत होते. मला तिथं काही काम नव्हतं आणि उभं राहवत नव्हतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला सिद्रामअप्पा एका बैलाला जुंपायची खटपट करत होते. हरभऱ्याची पेर अडली होती. एकेक बैल उरलेल्या घरांनी सावड केली होती, दोन घरांचे दोन बैल मिळून एक औत. अप्पांचा हरण्या चांगला थोराड आणि शेजाऱ्याचा बैल खुजा. जू एका बाजूला कलायचं, खुज्या बैलाची मान दबायची, आणि दोन पावलांवर दोघंही थांबायचे.

मी जाऊन बघितलं. हे काम मला येत होतं. जुवाच्या मधली खाच, जिथं औताची दांडी बांधतात, ती थोरल्या बैलाकडं चार बोटं सरकवायची, म्हणजे ओझं त्याच्यावर जास्त येतं आणि धाकट्याची मान सुटते. मी ट्रेलरमधून लाकूड तासायची वाकस आणि पटाशी आणली. अप्पांनी जू माझ्यापुढं धोंड्यावर आडवं धरलं.

मी माप घेतलं. खूण केली. आणि वाकस उचलण्याआधी माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "अप्पा, त्या दिवशी ट्रेलर पडला तो माझ्यामुळं पडला. आख मी वीतभर जास्तीचा केला होता. ड्रायव्हर सांगत होता, मी ऐकलं नाही. डॉक्टरांचा दोष नाही. ट्रेलर पडला नसता तर तुमच्या दोन्ही बैलांना पुरलं असतं."

अप्पांनी जू सोडलं नाही. माझ्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले,

"बोलू नगंस. माप चुकंल."

मी वाकस उचलली. त्या दिवशी मी खडकवस्तीत पाच जुवं नीट केली. सहावं नवीन करावं लागलं, एकाच बैलाच्या मानेचं. अकराव्या घराच्या बैलाला जोडी उरली नव्हती.